योरितला खेळवलंच नाही

माझा धाकटा भाऊ योरित डेल्फझाइलच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान होता. आमचं बंदराचं गाव. वारा आणि कारखान्यांचा वास सोडला तर दाखवण्यासारखं काही नाही. पण डच लीगमध्ये आमचा संघ होता, आणि शनिवारी संध्याकाळी अर्धं गाव हॉलमध्ये असायचं. दक्षिणेतल्या मोठ्या क्लबांनी योरितला बोलावून पाहिलं, तो गेला नाही. म्हणायचा, "इथं मला शिव्या घालणारी माणसं तरी ओळखीची आहेत."

त्या मोसमात रुटगर कोच झाला. रुटगर म्हणजे योरितचा शाळेपासूनचा मित्र. आई होती तेव्हा हिवाळ्यात वाटाण्याचं सूप केलं की न विचारता त्याचाही वाडगा मांडायची. क्लबला बाहेरचा कोच हवा होता. योरितनंच हट्ट धरून रुटगरला आणलं.

सुरुवात झकास झाली. संघात वुबो नावाचा नवा मुलगा होता, विन्सखोटनचा, दारातून वाकून येणारा. बास्केटखाली उभा राहिला की दुसऱ्या कुणाला चेंडू मिळत नसे. योरितचा पास आणि वुबोचा हात, एवढ्यावर आम्ही नाताळपर्यंत वरच्या जागेवर होतो.

जानेवारीत, कपच्या उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी, सरावात वुबोच्या कानशिलावर कुणाचं तरी कोपर बसलं. तो आडवा झाला, उठून ओकला, आणि मग कपडे बदलायच्या खोलीत स्वतःचं कपाट शोधत फिरत राहिला. योरित रुटगरला म्हणाला, "याला उद्या खेळवू नकोस." रुटगर म्हणाला, "गोळी घेईल, झोपेल, ठीक होईल. जर्मनीतल्या क्लबचा माणूस येतोय त्याला बघायला." वुबोही म्हणाला, ठीक आहे मी. योरित सरळ क्लबच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी वुबोला सामन्याबाहेर बसवलं. आम्ही सणसणीत हरलो, आणि जर्मनीचा माणूस अर्ध्यातून उठून गेला.

त्यानंतर खोलीत काय झालं ते योरितनं आमच्या स्वयंपाकघरात, कोट न काढताच सांगितलं.

रुटगरनं विचारलं, "डॉक्टरकडे कोण गेलं?"

"मी."

"मला न विचारता?"

"तुलाच आधी विचारलं होतं."

तेव्हा वुबो उसळला. "डोकं माझं होतं, तुझं नव्हतं!"

"त्या डोक्याला काल स्वतःचं कपाट सापडत नव्हतं," योरित म्हणाला. कुणी हसलं नाही.

हे ऐकून बाबा म्हणाले, "एवढी अक्कल होती तर बंदरात नोकरी का नाही धरलीस?" बाबांची माया अशीच असते.

पुढच्या शनिवारपासून योरित बेंचवर. कप्तानपद काढलं नाही, त्यावरून गावात ओरड झाली असती. सामन्याआधी तो पंचांशी हात मिळवायचा आणि येऊन बसायचा. कारण विचारलं की रुटगर म्हणायचा, "वेग कमी झालाय त्याचा." आणि संघ जिंकत राहिला. हरला असता तर निदान आम्हाला बोलायला तोंड राहिलं असतं.

वसंतात योरितनं हा आपला शेवटचा मोसम असल्याचं जाहीर केलं. लीगच्या अंतिम फेरीचा निर्णायक सामना आमच्याच हॉलमध्ये झाला. शेवटच्या काही मिनिटांत आम्ही वीस गुणांनी पुढे होतो, समोरच्यांनी हात टेकले होते. तेव्हा वरच्या रांगांतून सुरू झालं, "योरित! योरित!" मग सगळा हॉल. बाबा सामन्यात कधी ओरडत नाहीत. तेही उठून काठी आपटायला लागले.

योरितनं अंगावरचं जॅकेट काढलं.

रुटगरनं बेंचवरच्या एकेकाला खूण केली. वर्षभर पाणी पिण्याव्यतिरिक्त काही न केलेल्या पोरालाही आत पाठवलं. वुबो बाहेर आला, योरितपासून एक खुर्ची सोडून बसला आणि तोंडावर टॉवेल घेतला. बेंचवर खेळायचा राहिलेला योरित एकटाच. रुटगर हाताची घडी घालून मैदानाकडे बघत होता. योरितनं जॅकेट पुन्हा चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. भोंगा वाजला. आम्ही विजेते झालो.

लोक मैदानात धावले. मी गर्दीतून वाट काढत रुटगरला गाठलं.

"एक मिनिट दिलं असतंस तर काय बिघडलं असतं रे?"

"हिल्त्ये, लोकांच्या ओरडण्यावर संघ चालत नाही."

"लोकांचं सोड. आमच्या घरी जेवलायस तू."

त्याचा चेहरा लाल झाला. "त्यानं सगळ्यांसमोर मला पोराच्या जिवावर उठलेला ठरवलं."

"होतासच," मी म्हणाले.

तो फोटो काढायला गेला.

वुबोला अखेर जर्मनीतला एक क्लब मिळाला. तिथं पहिल्याच हिवाळ्यात पुन्हा डोक्याला मार बसला, आणि तो आईकडे परत आला. उजेड सहन होत नाही, पडदे लावून पडलेला असतो, असं कानावर आलं. योरित विन्सखोटनला गेला. वुबोच्या आईनं दार अर्धंच उघडलं.

"त्याला तुम्हाला भेटायचं नाहीये."

"मी काही बोलणार नाही. नुसता बसेन."

"तुम्ही बोलणार नाही हे ठाऊक आहे त्याला," ती म्हणाली. "तेच नकोय." आणि दार लागलं.

रुटगर बेल्जियममध्ये गेला. मोठा क्लब आहे म्हणे. योरित आता शाळेत कसरत शिकवतो, बास्केटबॉल सोडून सगळं. मुलांनी चेंडू मागितला की दोरी देतो.

यंदा क्लबनं त्या विजेत्या संघाला जेवायला बोलावलं होतं, घरच्यांसकट. योरित गेला नाही, मी गेले नाही. बाबा मात्र सूट घालून एकटे गेले. परत आल्यावर बूट काढता काढता म्हणाले, "रुटगर बोलायला आला होता."

"मग? काय बोललात?"

"काही नाही. मला कमी ऐकू येतं म्हटलं."