मागे ओतायचं पाणी

मी दारामागचा वाडगा बोलतोय. तांब्याचा आहे, आतून कधीकाळी कल्हई होती. मोसुलच्या तांबट बाजारात मला घडवलं. घडवणाऱ्याचं नाव मला ठाऊक नाही. त्याने मला इतकं बडवलं की पुढे कुणाच्या हाताचं फारसं काही वाटेनासं झालं. मार खाऊन धातू कणखर होतो, असं लोक म्हणतात. माझं विचाराल तर मी बधिर झालो. ज्या घरात मी गेलो, तिथे त्याचा उपयोगच झाला.

नाझिमाच्या लग्नात तिच्या आईने मला तिच्यासोबत दिलं. नवऱ्याचं नाव मुवफ्फक. कापडाच्या गिरणीत इंजिनियर. पहिला मुलगा झाला, त्याचं नाव रिआद ठेवलं, आणि त्या दिवसापासून गल्लीत हे दोघे अबू रिआद आणि उम्म रिआद झाले, म्हणजे रिआदचा बाप आणि रिआदची आई. आमच्याकडे तशीच रीत आहे. पोर झालं की आईबापांची नावं घरातल्या घरात उरतात.

माझं काम एकच. घरातलं माणूस दूरच्या प्रवासाला निघालं, की त्याने उंबरा ओलांडल्यावर मागून दारात पाणी ओतायचं. तो सुखरूप परत यावा म्हणून. पाणी घरच्या बाईने ओतायचं, बोलायचं काही नाही, आणि निघालेल्याने मागे वळून पाहायचं नाही. एवढं झालं की मला पुसून परत खिळ्याला टांगायचं. खिळ्यापासून उंबऱ्यापर्यंत, हाच माझा सगळा प्रवास.

मुवफ्फकला मात्र पायाला भिंगरी होती. गिरणीतली यंत्रं परदेशातून यायची, ती शिकून घ्यायला गिरणी त्याला पाठवायची. वर्षातून एकदा तरी त्याची पेटी अंगणात उघडी पडलेली असायची आणि नाझिमा तिच्यात घड्या घालत बसलेली असायची. ब्रनो, बुडापेस्ट, त्रिएस्ते. ही नावं मी माणसांच्या नावांआधी शिकलो.

तो परत आला की त्याच संध्याकाळी अंगणातल्या संगमरवरावर चटया पडायच्या. गल्ली जमायची. छोट्या पेल्यांतून चहा फिरायचा, खजुराच्या करंज्या यायच्या, आणि कुणीतरी विचारायचंच, "अबू रिआद, सगळ्यांत जास्त काय आवडलं?"

त्या प्रश्नासाठीच तो परत येत असावा, असं मला वाटतं. घसा खाकरायचा, चहाचा पेला खाली ठेवायचा, आणि सुरू.

त्याच्या आवडीच्या गोष्टी ठरलेल्या होत्या. ब्रनोमधली घरमालकीण, जी त्याचे हातरुमालसुद्धा इस्त्री करून द्यायची. तिने एकदा ताटात गोल पांढरे गोळे वाढले. याला वाटलं, आपला कुब्बाच. आत खिमा असणार म्हणून त्याने वरून मीठ भुरभुरवलं, मिरपूड टाकली आणि अख्खा तोंडात घातला. आत निघालं गरम गोड आलुबुखार. म्हातारीचं मन मोडू नये म्हणून त्याने मीठ-मिरी घातलेले सहाही खाल्ले, तर तिने दुसऱ्या दिवशी ताटाशेजारी मुद्दाम मिठाची वाटी आणून ठेवली. मग बुडापेस्टचं ते गरम पाण्याचं कुंड. त्यात गळ्यापर्यंत बुडून म्हातारे बुद्धिबळ खेळत बसायचे, आणि हरणारा माणूस रागाने पाण्याखाली जायचा.

पण सगळ्यांत लाडकी गोष्ट त्रिएस्तेची. तिथे हिवाळ्यात डोंगरावरून असा वारा सुटतो की रस्त्याच्या कडेने दोर बांधून ठेवतात. माणसं दोर धरून चालतात. याची हॅट उडाली. एक पोलीस तिच्यामागे धावला, कोपऱ्यावर दिसेनासा झाला, आणि थोड्या वेळाने भलत्याच कुणाची तरी हॅट घेऊन परत आला. मोठ्या अदबीने याच्या डोक्यावर घातली आणि सलाम ठोकला. ती हॅट आमच्या खुंटीवर होती. मुवफ्फकला ती कानांवरून खाली यायची.

नाझिमा दरवेळी दाराजवळ बसायची, माझ्या खालीच. या गोष्टी तिला त्याच्याहून जास्त पाठ होत्या. तो कुठे घसरला की हळूच म्हणायची, "गेल्या वेळी हॅट तपकिरी होती." लोक हसायचे. तोही हसायचा.

एकदा तिने सगळ्यांसमोरच म्हटलं की तो दोर तिला स्वतःच्या हाताने धरून पाहायचा आहे. पुढच्या वेळी मलाही न्या. मागणं साधं होतं आणि तिने ते साधेपणाने मागितलं.

मुवफ्फक म्हणाला, "तू आलीस तर मागे पाणी कोण ओतणार? दोघंही तिकडेच राहायचो."

अंगण हसलं. नाझिमाही हसली. उत्तर इतकं चपखल होतं की त्याने ते जपून ठेवलं. दुसऱ्या वर्षी तिने परत विचारलं, तेव्हा तेच दिलं. तिसऱ्या वर्षी तिने विचारायच्या आधीच दिलं. त्या वेळी ती हसली नाही, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी वर टांगलेला, म्हणून मला दिसलं.

तो तिला का नेत नव्हता, ते मी सांगू का? त्याच्यात वाईटपणा नव्हता. दुसरी बाई तर नव्हतीच. ती बरोबर आली असती, तर परत आल्यावर सांगायला कुणी उरलं नसतं. गल्ली ऐकायची चहासाठी. नाझिमा ऐकायची ती खरं. इतका चांगला ऐकणारा माणूस घालवायला तो तयार नव्हता. मोसुलची माणसं आखडत्या हाताची म्हणून सगळा मुलूख आम्हाला हसतो. याचा हात इथे आखडला.

मग ते वर्ष आलं. त्याला चौथ्यांदा त्रिएस्तेला जायचं होतं, सोबत गिरणीतलाच अबू सिनान होता. निघायच्या आठवड्यात अबू सिनानची बायको घरी आली. उम्म सिनान मोकळ्या जिभेची, भाजीच्या पिशवीसकट आत शिरणारी बाई. येताच म्हणाली, "तू कुठला कोट नेणारेस गं? माझा एक जाड आहे, पण त्यात मी तंबू दिसते. आपण एकीने एक रंग घ्यायचा, दुसरीने दुसरा, नाहीतर तिकडचे म्हणतील बहिणी आल्या."

या खेपेला गिरणीने बायकांनाही न्यायची परवानगी दिली होती. दोघांनाही महिन्यापूर्वीच सांगितलं होतं.

नाझिमा द्राक्षाच्या पानात भात भरत होती. तिने ते पान गुंडाळलं, पातेल्यात रचलं, दुसरं घेतलं. म्हणाली, "माझं अजून ठरलं नाही." उम्म सिनानला कळायचं ते कळलं. ती भाजीची पिशवी उचलून लवकरच निघून गेली.

भांडण होईल असं मला वाटलं होतं. झालं नाही. नाझिमाने नेहमीसारखी पेटी भरली. लोकरीचे मोजे वर ठेवले, म्हणजे पटकन सापडतील. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती माझ्यासारखी झाली होती, आणि ते मला चांगलं वाटलं नाही.

निघायच्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी मोटार उभी राहिली. मागच्या सीटवर उम्म सिनान जाडा कोट घालून बसली होती आणि आमच्या दाराकडे पाहायचं टाळत होती. मुवफ्फकने उंबरा ओलांडला. मला रांजणातून काठोकाठ भरलेलं होतं. नाझिमा दारात उभी राहिली. तो चालत गेला, रीतीप्रमाणे वळला नाही. मोटारीचं दार लागलं.

तिने मला तोंडाला लावलं आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. घाई केली नाही. मग ओढणीच्या टोकाने माझा काठ पुसला आणि मला खिळ्याला टांगलं. उंबरा कोरडाच राहिला.

ते दिवस मी मोजले नाहीत. नाझिमा जेवायची, झोपायची, सकाळी गच्चीवरचे कपडे काढायची. टेलिफोन वाजला की जागच्या जागी थांबायची, पण धावायची नाही. त्याचं काही वाईट व्हावं असं तिला वाटत होतं का? मला नाही तसं वाटत. तिला फक्त बघायचं होतं, की ज्या कामासाठी आपल्याला एवढी वर्षं दारात ठेवलं, ते काम खरंच काही करतं का.

तो परत आला. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, दोन किलोंनी जाड होऊन.

संध्याकाळी चटया पडल्या. चहा फिरला. कुणीतरी प्रश्न विचारला. मुवफ्फकने पेला खाली ठेवला आणि वाऱ्याची गोष्ट सुरू केली. या वेळी त्यात उम्म सिनान होती. तिने दोर सोडला आणि तंबूसारख्या कोटात वारा भरून ती थेट एका पाववाल्याच्या दुकानात जाऊन पोचली. लोक पोट धरून हसले. उम्म सिनान समोरच बसली होती, तिला हसावं की नाही ते समजेना. आणि मग, सवयीने, गोष्टीच्या शेवटी त्याने ते उत्तर जोडलं. आमच्या उम्म रिआदलाही नेलं असतं हो, पण मग पाणी कोण ओतणार?

"मी ओतलं नाही," नाझिमा म्हणाली.

कुणाला नीट समजलं नाही. तिने परत सांगितलं, आवाज न चढवता. "या वेळी मी पाणी ओतलं नाही. मी ते प्यायले. मला तहान लागली होती."

अंगणात कुणी पेला उचलला नाही. एका म्हाताऱ्याने, अल्लाने सांभाळलं, असं पुटपुटून सारवासारव केली. मुवफ्फक तिच्याकडे पाहत राहिला. लोक त्या दिवशी लवकर उठले. करंज्या तशाच राहिल्या.

सगळे गेल्यावर तो तिच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "पुढच्या शरदात दोघं जाऊ. वारा सुटायच्या आत पोचू, म्हणजे सुटताना बघशील."

त्याने ते पाळलं, हे मला सांगितलंच पाहिजे. तिचा पासपोर्ट काढला. फोटोत ती कशाकडेच पाहत नव्हती. राखाडी कोट शिवून आणला. उम्म सिनान येऊन तो अंगाला लावून बघून गेली, दोघी जरा हसल्याही. आणि ज्या शरदात जायचं, त्याच शरदात लढाई सुरू झाली. सीमा बंद. परदेशी जायला बंदी. पासपोर्ट कपाटात गेला, कोटात डांबराच्या गोळ्या गेल्या.

लढाई बरीच वर्षं चालली. मला तेव्हा खूप काम होतं. रिआदला नेलं, नाझिमाने पाणी ओतलं. रजेवर येऊन परत जायचा, ती परत ओतायची. तो परत आला. उम्म सिनाननेही तिच्या दारात दरवेळी ओतलं होतं. तिचा सिनान आला नाही. यावर मला काही म्हणायचं नाही.

तेव्हापासून मुवफ्फकने गोष्टी सांगणं सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, विसरलो. खुंटीवरची हॅट कसरीने खाल्ली. गिरणीतून तो निवृत्त झाला आणि अंगणात बसू लागला. दोघं समोरासमोर बसायची, बोलायची ती भाताबद्दल, रॉकेलबद्दल. एकमेकांवर ती चिडलेली नव्हती. बरं वाटत होतं असंही नाही.

आणि एके दिवशी नाझिमाने सुरुवात केली. पाहुणे आले होते, गप्पा अडल्या होत्या. ती सहज म्हणाली, "आम्ही त्रिएस्तेला होतो तेव्हा वारा असा होता, की मी दोर धरला तर तळव्याला वळ उठले." मुवफ्फकने मान वर केली. उम्म सिनानही तिथे होती, काळ्या कपड्यांत. खरं काय ते तिला माहीत होतं. ती चहा ढवळत राहिली.

तेव्हापासून त्या सगळ्या गोष्टी नाझिमाच्या झाल्या. ब्रनोच्या म्हातारीने ताटात गोळे वाढले ते दोघांच्या. पोलिसाने हॅट आणून दिली तेव्हा ती शेजारी उभी होती. सांगताना ती हसत नाही, हात हलवत नाही. तिच्या तोंडून त्या ऐकताना मला आधी कसंतरी व्हायचं. आता होत नाही.

माझी कल्हई गेली आहे. कल्हई करणारा बाजारात उरला नाही, त्यामुळे माझ्यातलं पाणी कुणी पीत नाही. आत हिरवा चट्टा धरलाय. मी फार दिवस राहीन असं नाही. जुनं तांबं वितळवायला माणसं दारावर येतात. तुमच्या घरी कुणी परदेशाहून येऊन गोष्टी सांगत असेल, तर त्या खुशाल ऐका. फक्त एकदा दाराजवळ कोण बसलंय, तेही पाहा. माझं मागणं एवढंच.

गेल्या शुक्रवारी रिआदने नवी नवरी घरी आणली, इब्तिहाल तिचं नाव. तिला यातलं काहीच ठाऊक नाही. जेवणं झाल्यावर सासूच्या गोष्टी ती तोंडावर हात ठेवून ऐकत होती. वारा झाला, दोर झाला, हॅट झाली. मग तिने विचारलं, "आत्याबाई, या सगळ्यांत तुम्हाला जास्त काय आवडलं?"

हा प्रश्न नाझिमाला आजवर कुणी विचारला नव्हता. तिने चहाचा पेला खाली ठेवला.

"दारातून बाहेर पडणं," ती म्हणाली.

इब्तिहालने सासऱ्यांकडे पाहिलं. मुवफ्फक हातातल्या पेल्याकडे बघत होता.

"हो," तो म्हणाला. "निघालो त्या दिवशी ऊन चांगलं होतं."