रोज एक वजा

दिनांक सतरा ऑक्टोबर, गुरुवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. क्रेनच्या काउंटरवरचा आकडा दोन हजार दोनशे शहाण्णव. त्यातून कामाचे एकशे बारा दिवस वजा. बाकी दोन हजार एकशे चौऱ्याऐंशी. जुन्या नोंदवहीप्रमाणे कुंडात उतरवलेल्या इंधनाच्या सळयाही नेमक्या तेवढ्याच.

निरीक्षकांनी ही वजाबाकी कागदाच्या कडेला तीनदा करून पाहिली आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आले. अणुभट्टी बंद होऊन अकरा वर्षे झाली होती. ती टप्प्याटप्प्याने मोडीत काढण्याच्या कामावर नियामक मंडळाच्या वतीने ते देखरेख करत. मंडळात त्यांना सगळे ‘फूटपट्टी’ म्हणत, अर्थात पाठीमागे. त्यांना ते माहीत होते आणि मनातून ते आवडतही होते.

आज त्यांच्यापुढे एकच कागद होता: कुंडातले पाणी सोडून देण्याचा परवाना. दुपारी चारपर्यंत त्यावर सही व्हायची होती. चारला झडप उघडणार, तीन दिवसांत पाणी उतरणार आणि सोमवारी सकाळी आठ माणसे शिडीने तळाशी जाऊन गाळ खरवडायला लागणार.

कुंड सात मीटर खोल. वापरून झालेल्या सळया वर्षानुवर्षे त्यात पाण्याखाली ठेवलेल्या, कारण पाणी किरणांना अडवते. काही फडताळे गंजून मोडली होती आणि त्यांतल्या सळया तळच्या गाळात पडल्या होत्या. नेमक्या किती पडल्या, ते कोणालाच सांगता येत नव्हते. त्या लांब चिमट्याने चाचपत काढाव्या लागल्या. पाणी इतके गढूळ की कॅमेऱ्याला वीतभर अंतरावरचेही दिसेना. म्हणून मोजणीचा भरवसा क्रेनवर ठेवलेला. क्रेनने काही उचलले की काउंटर एकने पुढे सरके. संध्याकाळी लिपिक तो आकडा टिपून घेई आणि एकूण संख्या जुन्या नोंदवहीशी जुळली, त्या दिवशी गाळात चिमटा घालणे थांबले.

फक्त रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी क्रेनची पकड तपासायला एक पोलादी नकली सळी उचलून पाहत. काउंटर तीही मोजे. म्हणून नियम होता: दर दिवसामागे एक वजा. हा नियम निरीक्षकांनीच लिहिला होता, एका ओळीत. मंडळातल्या नवीन लोकांना तो सोप्या नियमाचा नमुना म्हणून शिकवला जाई.

दारावर टकटक झाली. क्रेनवाल्या ताई साक्षीची सही करायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हातमोजे नेहमी कमरेला खोचलेले. त्यांनी सही केली, पेनाचे टोपण बसवले आणि खुर्चीत टेकल्या.

“सुटलो बाई एकदाचे. आता त्या जावयाचं काय करणार, साहेब?”

“कुठला जावई?”

“अहो, ती नकली सळी! आम्ही तिला जावई म्हणतो. कामाचा पत्ता नाही, पण रोज सगळ्यांच्या आधी मान त्याचा.”

निरीक्षक हसले. “भंगारात जाईल.”

“अरेरे. एवढा मिरवला आम्ही त्याला. त्या वीज गेलेल्या दिवशी तर दोनदा मिरवला.” त्या उठू लागल्या. “सोमवारच्या आठांत माझा धाकटा भाऊ पण आहे, बरं का. आत्तापासून छाती काढून चालतोय, जणू काही चंद्रावरच उतरणार आहे.”

“ताई, बसा जरा.” निरीक्षकांचा आवाज नेहमीसारखाच होता. हात मात्र त्यांनी टेबलाखाली घेतले. “दोनदा म्हणजे?”

“म्हणजे भर कामात वीज गेली. परत आल्यावर पकड धड आहे की नाही, कोणाला ठाऊक? मी आधी जावयाला उचलून बघितलं, मगच खरी सळी धरली. तसं केल्याशिवाय मला चैनच पडत नाही.” त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू विरले. “का हो? चुकलं का माझं?”

“नाही. तुमचं बरोबरच होतं.”

आणि ते बरोबर होते, हीच तर पंचाईत होती. निष्काळजी माणसाने त्या दिवशी एकदाच नकली सळी उचलली असती आणि हिशेब जुळला असता. ताईंनी काळजी घेतली म्हणून काउंटर एकने जास्त पळाला. नियमाने मात्र त्या दिवशीही एकच वजा केला. म्हणजे बाहेर आलेल्या दोन हजार एकशे चौऱ्याऐंशीतली एक सळी खरी नव्हतीच. ती जावई होती. खरी अजून गाळात होती.

निरीक्षकांनी परवान्याचा कागद बाजूला सारला.

“लिपिकाला सांगितलं होतं हे?”

“त्याला काय सांगायचं? तो संध्याकाळी येतो, आकडा टिपतो नि जातो. मला वाटलं, यंत्राला कळत असेल.” मग त्या एकदम पुढे झुकल्या. “साहेब, भाऊ उतरणार आहे माझा. जे असेल ते सरळ सांगा.”

“अजून मलाच नीट माहीत नाही,” ते म्हणाले. ते अर्धेच खरे होते.

वीजघर अंगणापलीकडे होते. वायरमन स्टुलावर बसून फ्यूज पुसत होता. वीज गेल्याच्या वेळा तो एका वहीत लिहून ठेवी, हे निरीक्षकांना ठाऊक होते.

“कामाच्या वेळात किती वेळा गेली?” त्यांनी विचारले.

वायरमनने बोटाला थुंकी लावून पाने उलटली. “एकदाच. सव्वीस जून, अकरा वाजून वीस. बावीस मिनिटं. त्याचं खापरही माझ्यावरच फुटलं होतं. तुम्ही नवीन काही फोडायला आलात का?”

“नाही. या वेळी खापर माझंच आहे.”

वायरमनने मान वर करून पाहिले. फूटपट्टीच्या तोंडून असे वाक्य त्याने कधी ऐकले नव्हते. त्याने काही न विचारता वही पुढे केली.

परतताना निरीक्षक कुंडाच्या कठड्यापाशी थांबले. पाणी हिरवट आणि निश्चल होते. भिंतीवरचे किरणमापक शांतपणे नेहमीचाच आकडा दाखवत होते. त्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. सात मीटर पाण्याखाली एक काय, दहा सळया असत्या तरी काटा हलला नसता. पाणी उतरल्यावरच तो हलला असता, आणि पाणी तर माणसे उतरण्यासाठीच सोडायचे होते. सळया ज्या पिंपांत भरून बंद केल्या, त्यांचे वजन करून पाहावे, हाही विचार मनात येऊन गेला. पिंप चार टनांचे, वजनकाट्याची चूक पाच किलोंची आणि सळी जेमतेम अडीच किलोंची. एक सळी कमी आहे हे त्या काट्याला कधीच कळले नसते.

ते उलट बाजूनेही विचार करून पाहत होते. जुनी नोंदवही कशावरून अचूक? चाळीस वर्षांपूर्वी कोणी एक सळी जास्त लिहिली असेल तर? तसे असेल तर कुंड खरोखरच रिकामे आहे, आपण तीन आठवडे काम अडवू आणि निघेल फक्त गाळ. हात दाखवून अवलक्षण. मग त्यांना ताईंच्या भावाची आठवण झाली. गुडघाभर गाळात उभा, हातात खरवडणी.

प्रकल्पप्रमुखांच्या खोलीत ते पोहोचले तेव्हा बाराला दहा कमी होते. प्रमुख माणूस वाईट नव्हता. त्याच्यावर तारखांचे ओझे होते आणि ते त्याच्या कपाळावर दिसत असे.

“पाणी आज सोडता येणार नाही,” निरीक्षक म्हणाले. “गाळ पुन्हा तपासावा लागेल.”

“का?”

“जादा खबरदारी म्हणून.”

प्रमुखाने चष्मा काढला. “साहेब, तुम्हीच आम्हाला शिकवलंत, की ‘जादा खबरदारी’ हे कारण नसतं. ते कारण नसल्याचं कारण असतं. गाळ काढणारी टोळी सोमवारपासून ठरलीय, क्रेन वीस दिवसांनी परत जायचीय. ठोस काही असेल तर लिहून द्या, मी मुकाट्याने थांबतो. नसेल तर संध्याकाळी मंडळाकडे अपील करतो, आणि मंडळ माझंच ऐकेल. खरं की नाही?”

खरे होते. कारण न लिहिलेला थांबा-आदेश एक दिवसही टिकत नसे. टिकायचा असेल तर त्यात लिहावे लागणार होते, की मोजणीचा नियमच चुकीचा आहे आणि तो सुचवणारे, मांडणारे, मंजूर करून घेणारे दुसरे कोणी नाही, आपणच.

“चारपर्यंत देतो,” ते म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी घरी फोन लावला. आक्काने उचलला. आक्का त्यांची थोरली बहीण. गणित शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आणि आई गेल्यापासून तिनेच त्यांना वाढवले होते. आता दोघे एकाच घरात राहत आणि एकमेकांच्या चुका काढत.

त्यांनी सगळे सांगितले. आक्काने मध्ये एकदाही टोकले नाही, त्यामुळे त्यांना जास्तच भीती वाटली.

“वजा काय करायचं होतं?” शेवटी तिने विचारले.

“दिवस नाही. तपासण्या. जितक्या वेळा नकली सळी उचलली, तितके वजा.”

“मग दिवस का लिहिलेस?”

“रोज एकदाच तपासतात, असं मी धरून चाललो.”

“कोणाला विचारून?”

विचारले कोणालाच नव्हते. क्रेनच्या केबिनमध्ये ते कधी चढलेच नव्हते.

“चौथीतल्या पोराने असं केलं असतं,” आक्का म्हणाली, “तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. उत्तर लिहिल्यावर पडताळा घ्यायचा असतो, बाळ.”

“आक्का, अठ्ठावीस वर्षांची नोकरी आहे माझी. माझ्याच नियमावर मी चुकीचा शेरा मारायचा?”

“मग काय, दुसऱ्या कोणी मारायची वाट बघतोस? तो क्रेनवालीचा भाऊ सोमवारी उतरला की?” आणि मग, एकदम मऊ आवाजात: “अरे, भीती वाटते तुला. मलाही वाटतेय. पण मला हे सांगायला तुला पाच मिनिटं लागली, लिहायला त्याहून जास्त लागणार नाहीत. जेवलास का?”

“नाही.”

“आधी लिही. मग जेव.”

लिहायला चाळीस मिनिटे लागली, कारण त्यांनी चार मसुदे फाडले. पहिल्यात ‘असे आढळून आले’ होते. दुसऱ्यात ‘नियमात त्रुटी संभवते’. तिसरा त्यांनी वाचलाही नाही. चौथ्याचे पहिले वाक्य चांगले होते, पण त्यात क्रेनचालकाने दुसऱ्यांदा केलेल्या तपासणीचा उल्लेख असा आला होता, की दोष ताईंवर जावा. पाचव्यात त्यांनी लिहिले: ‘मोजणीचा नियम मी केला. तो करताना क्रेनवर प्रत्यक्ष काम कसे चालते, ते मी पाहिले नाही. क्रेनचालकाने केलेली जादा तपासणी योग्य होती, माझी वजाबाकी चुकीची होती. किमान एक सळी कुंडात असण्याचा संभव आहे.’ खाली सही. तीन वाजून पाच मिनिटे.

प्रमुखाने कागद दोनदा वाचला. मग फोन उचलून झडपेच्या खोलीला दोन शब्दांत सांगितले, “थांबा. कुलूप.”

“मंडळ तुम्हाला सोडणार नाही,” तो म्हणाला.

“नाही सोडणार.”

शोध सोमवारी सुरू झाला. पाणी जागच्या जागी ठेवून. कुंडाच्या तळाचे दीड मीटरचे एकशे चाळीस चौकोन पाडले. एका चौकोनातला गाळ शोषून घ्यायचा, वर गाळणीतून न्यायचा, मोकळ्या जागी कॅमेरा टेकवायचा, मगच पुढचा चौकोन. दिवसाला दहाच्या वर होत नसत. निरीक्षक रोज केबिनमध्ये ताईंच्या शेजारी उभे राहत. पहिल्या दिवशी शिडी चढताना त्यांना धाप लागली, तेव्हा ताई म्हणाल्या, “हळू हो, साहेब. नियम कुठे पळून चाललाय?” नियम कधीच पळून गेला होता, हे दोघांनाही माहीत होते. त्यामुळे हसू आले नाही.

तीन दिवस नुसता गाळ आला. चौथ्या दिवशीही गाळच. निरीक्षकांना झोप येईना. सळी सापडावी अशी प्रार्थना करावी की सापडू नये अशी, तेच त्यांना ठरवता येईना. सापडली तर आठ माणसे त्या सळीपासून हातभर अंतरावर उतरणार होती, हे शाबीत होणार होते. नाही सापडली तर आपण म्हातारपणी चळलो, हे.

सहाव्या दिवशी, साठाव्या चौकोनात, पडद्यावर गाळातून एक सरळ कड दिसली. ताईंनी क्रेन थांबवली. चिमटा खाली गेला, पाण्याखालीच पकड बसली आणि ती सळी सावकाश पिंपात गेली. ताईंच्या कपाळावर घाम होता. केबिनमध्ये तर गारठा होता.

खाली प्रमुख वाट पाहत होता. त्याने निरीक्षकांचा हात दोन्ही हातांत धरला. “मिळाली. तुमचा हिशेब बरोबर निघाला, साहेब. आता झालं ना? उद्या पाणी सोडू?”

निरीक्षकांना ‘हो’ म्हणायचे होते. सहा दिवसांत प्रथमच त्यांचे खांदे खाली आले होते. हिशेबाने सांगितले एक, निघाली एक. पडताळाही झाला. पण त्यांना वायरमनची वही आठवली. ती विजेची वही होती, नकली सळीची नव्हे. पकड तपासावीशी वाटायला वीजच जावी लागते, असे पुन्हा त्यांनीच धरून चालले होते. कोणाला विचारून?

“ताई,” त्यांनी वर हाक मारली. “तुम्ही रजेवर असताना क्रेन कोण चालवायचं?”

“बदलीवाला. दोन आठवडे होता. का?”

“तो जावयाला कधी दुसऱ्यांदा उचलायचा?”

ताई केबिनच्या दारात आल्या. “मला काय माहीत? तो गेला परत त्याच्या गावाला. पण मध्ये दोर बदलला होता त्याने एकदा. नवा दोर घातल्यावर मी तरी तपासल्याशिवाय राहिले नसते.”

प्रमुखाने डोळे मिटले. “साहेब, अजून ऐंशी चौकोन आहेत.”

“आहेत.”

“आठ दिवस.”

“होय. क्रेन त्याआधी जात नाही.” निरीक्षकांचा आवाज कापत होता आणि तो लपवण्याचा त्यांनी या वेळी प्रयत्न केला नाही. “एक सापडली म्हणजे एकच होती, असं मी पुन्हा एकदा धरून चालणार नाही.”

 प्रमुखाने टोळीच्या मुकादमाला फोन करून सांगितले, की माणसांना अजून आठ दिवस घरीच राहू द्या.

एकशे चाळीस चौकोन तीन नोव्हेंबरला, दुपारी दोन वाजून पंधरा मिनिटांनी पूर्ण झाले. कुंडात सापडलेल्या सळया: दोन.