चुलीवर उकळलेले नमुने

आरती वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यातली. पुण्यात पीएच.डी. करायची, आणि संशोधनाला शेळ्या घ्यायची आपल्या काकीच्या. पहाटेच्या गारठ्यात शेळीचे कान थंडगार पडतात, दुपारी तापतात. तेवढ्यानं कानाच्या पेशींत काय बदलतं, हे तिला शोधायचं होतं.

पेशीत जनुकाची नक्कल होऊन जो आरएनए निघतो, तो कच्चा असतो. त्यातले नको ते तुकडे कापून बाकीचे जोडावे लागतात. कुठं कापायचं हे काही प्रथिनं ठरवतात, आणि त्या प्रथिनांचं वागणं त्यांच्यावर किती फॉस्फेट चिकटलेत त्यावर बदलतं. थंडीत फॉस्फेट वाढत असणार, उन्हात घटत असणार, असा आरतीचा अंदाज होता.

डिसेंबरात तिनं कानाचे कणभर तुकडे नेले. आरएनए सकाळी एका तऱ्हेनं, दुपारी दुसऱ्या तऱ्हेनं कापलेला दिसला. फॉस्फेट मात्र सापडेचनात. बर्फाच्या पेटीतून खाली विंझर गावापर्यंत, तिथून एसटीनं पुणे. तेवढ्या वेळात पेशीतल्याच दुसऱ्या प्रथिनांनी ते काढून टाकले होते. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं.

तिसऱ्या खेपेला ती आली ती तोंड पाडूनच.

"विषय बदलावा म्हणते, काकी."

कोंडाबाई चुलीवर दूध तापवत होती. "का गं? काय बिघडलं?"

आरतीनं तिला समजेल असं सांगितलं. वाटेत माल खराब होतो, बर्फ पुरत नाही.

"मग गार कशाला करतीस?" कोंडाबाई म्हणाली. "आमी दूध हितंच तापवतो, म्हणून खाली जाईस्तोवर नासत न्हाई. तुझं बी तापीव की."

आरती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. प्रयोगशाळेत प्रथिनं शेवटी एका द्रावणात उकळायचीच असतात. तुकडा काढल्या काढल्या उकळला, तर फॉस्फेट काढणारी प्रथिनं जागच्या जागी निकामी होतील! द्रावण तर तिच्या पिशवीतच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीनं शेळी धरली. आरतीनं कान बधिर करून कणभर तुकडा घेतला, द्रावणाच्या नळीत टाकला आणि नळी उकळत्या पाण्यात सोडली. दुपारी पुन्हा तेच. अशा तीन शेळ्या झाल्या.

चौथ्या दिवशी तिनं पुण्याहून फोन लावला.

"काकी, दिसलं! सकाळी जास्त, दुपारी कमी. तिन्ही शेळ्यांत!"

"तीनच?" कोंडाबाई म्हणाली. "वाड्यावर चाळीस हायती. बाकीच्यांच्या कानांनी काय पाप केलंय व्हय?"

मार्गदर्शक बाईही नेमकं तेच म्हणाल्या होत्या. आरती खळखळून हसली. थंडीचे पंधरा दिवस अजून हातात होते.