केळीला सरासरी कळत नाही

अश्वजितने तक्ता खोटा केला नव्हता. त्यातला एकेक आकडा खरा होता, आणि तेच त्याला जास्त खात होतं.

दयानंद त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. अर्धापूरला त्याची केळीची बाग आणि चारही चाकांना जोर देणारी जुनी जीप. ती घेऊन जैसलमेरच्या वाळूत उतरायचं, असं दोघांचं तीन वर्षं चाललं होतं. यंदा दयानंदचे वडील सटवाजीअण्णाही तयार झाले. तरुणपणी ट्रकवर असताना केळी घेऊन ते तिकडे कितीदा गेले होते. पण वाळू पाहिली ती डांबरी रस्त्यावरूनच. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, फिरा, पण ऊन टाळा.

"तू संख्याशास्त्रवाला," दयानंद म्हणाला होता. "कवा जायचं ते तूच काढ. अण्णाला सोसलं पायजे."

दहा वर्षांची तापमानं उतरवून घेतल्यावर उत्तर सरळ होतं. जानेवारी. दिवसा चोवीस, रात्री आठ. पण जानेवारीतच अश्वजितची पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा होती. मार्चमध्ये दिवसा तेहेतीस, रात्री सतरा. मग त्याने दिवसरात्रीची सरासरी काढली. जानेवारी सोळा, मार्च पंचवीस. पंचवीस हा आकडा कसा कुणालाही आवडावा असा. दिवसाचा आणि रात्रीचा रकाना त्याने पाठवलाच नाही.

नोव्हेंबरात तो बागेत गेला, तेव्हा अण्णा वाळकी पानं कापत होते.

"ये बाबा. मार्च म्हणं?"

"हो, अण्णा."

"घरात सांगून टाकलं म्या, अश्वजितनं काढलंय म्हंजी बरोबरच असंल. फकस्त एक सांग. त्यो पंचवीस सकाळचा का दुपारचा?"

"सरासरी आहे."

अण्णा हसले. हातातलं करपलेलं पान त्यांनी त्याच्यापुढे धरलं. "थंडीत केळ आकसून ऱ्हाती, मे महिन्यात करपती. दोन्हीची सरासरी काढली तर लई झ्याक हाय की रं! पर केळीला सरासरी कळत न्हाई. तिला दुपार कळती अन् रात कळती." मग सहज म्हणाले, "माझं बी आता तसंच. दुपार किती ते सांग, म्हंजी गोळ्या त्या हिशोबानं घेतो."

त्यांनी काहीही ओळखलं नव्हतं. ते नुसते विचारत होते. अश्वजितला वाटलं, यापेक्षा त्यांनी रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"तेहेतीस," तो म्हणाला. "एखाद्या दिवशी सदतीससुद्धा. तुमच्यासाठी जानेवारीच चांगला, अण्णा. मला माहीत होतं. जानेवारीत माझी परीक्षा आहे, म्हणून मी..."

ठिबकची नळी ओढत असलेला दयानंद जागीच थांबला. "म्हंजी तुला यायला मिळावं म्हणून अण्णाला भाजून काढणार व्हतास व्हय?"

"दया, गप," अण्णा म्हणाले.

"गप कसा बसू? ह्याच्या भरवशावर तुम्हाला नेऊन ऱ्हायलो व्हतो मी!"

अण्णांनी अश्वजितकडे पाहिलं. "परीक्षा हाय म्हणायचं की, लेका. कापणी आठ दिवस ढकलली असती, फेब्रुवारीत गेलो असतो."

फेब्रुवारी. त्या महिन्याच्या आकड्यांकडे त्याने नीट पाहिलंही नव्हतं. मार्च सजवण्यातच त्याची सगळी हुशारी खर्च झाली होती.

"आता कापणी ढकलत नसतो," दयानंद अण्णांना म्हणाला. "जानेवारीत जाऊ. आपण दोघंच."

परीक्षा झाली त्या दिवशी अश्वजित लातूरच्या केंद्रातून बाहेर पडला, तोच फोन वाजला.

"अश्वजित! वाळूवर बसून ऱ्हायलो बघ, चपला काढून. भर दुपारचे दोन वाजलेत. पारा किती असंल?"

"किती?"

"पंचवीस!" अण्णा खदखदून हसले. "आकडा बरोबर काढला व्हतास की तू. महिना तेवढा चुकला."

अश्वजितला हसता आलं नाही. "दयानंदला देता का फोन?"

पलीकडे फोन हाताने झाकल्याचा आवाज आला.

"त्यो जीप घेऊन लांब गेलाय रं," अण्णा म्हणाले.

त्यांच्या अगदी शेजारून दयानंदचा आवाज आला. जीप वाळूत रुतू नये म्हणून चाकातली हवा अजून कमी करा, असं तो कुणाला तरी सांगत होता.

"बरं," अश्वजित म्हणाला. "नंतर करतो."