डोळसांसाठी ठेवलेला पडदा

सकाळी मावशीने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा फिरू लागला, कॉम्प्युटरचा डबा थोडा गुरगुरला, कीबोर्डवरची बटणं नेहमीसारखी टकटकली, आणि पुढे काहीच झालं नाही. एरवी एवढ्यात स्क्रीनरीडर बोलायला लागायचा. पडद्यावर जे जे असेल ते वाचून दाखवणारा तो एक पुरुषी, जरा नाकातला आवाज. मावशीने त्याचं नाव 'भावजी' ठेवलं होतं, बहिणीच्या नवऱ्यावरून, कारण तेही एकदा सुरू झाले की कुणाच्या बापाचं ऐकत नसत. आज मात्र भावजींनी तोंडाला कुलूप लावलं होतं.

मावशीला जन्मापासून दिसत नाही. कॉम्प्युटर म्हणजे तिच्या लेखी हा आवाज. तो गेला की टेबलावर उरतो तो फक्त गरम हवा फेकणारा डबा. आणि तो गेला होता नेमका आज. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी तिच्या हातून गेली त्याला बरेच महिने झाले होते, आणि आज दुपारी तीन वाजता एका कंपनीची चाचणी होती. घरी बसून ग्राहकांचे फोन घ्यायचे, एका कानात ग्राहक, दुसऱ्या कानात त्याची माहिती वाचणारे भावजी. तिकडच्या पर्यवेक्षक बाईंनी आधीच बजावलं होतं की जागा एकच आहे आणि वेळ पुढेमागे होणार नाही.

मावशीने फोन लावला तो थेट भाचीला. भाची नुकतीच पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाली होती, आणि या सगळ्याला कारणही तीच होती. कंपनीचा प्रोग्राम अडून बसला होता की मदरबोर्डचं फर्मवेअर जुनं आहे, ते नवं केल्याशिवाय मी चालणार नाही. फर्मवेअर म्हणजे कॉम्प्युटर जागा होताना सगळ्यात आधी ज्या सूचना पाळतो त्या. काल संध्याकाळी भाचीने त्या बदलून दिल्या होत्या.

ती धापा टाकत आली आणि आल्या आल्या कपाटातून मॉनिटर काढला. मावशीला मॉनिटरचा काही उपयोग नव्हता. तो चादरीत गुंडाळून कपाटात पडलेला असे. चांगल्या कपबशा जशा पाहुण्यांसाठी राखून ठेवतात, तसा हा आपण डोळस पाहुण्यांसाठी ठेवलाय, असं ती सांगायची. भाचीने तारा जोडल्या आणि पडदा उजळला.

"काल जाण्याआधी आवाज तपासला होतास?" मावशीने विचारलं.

भाचीने खरं काय ते सांगितलं. काल मावशी शेजारणीकडे गेली होती. अपडेट संपलं, पडदा लागला, सगळं जागच्या जागी दिसलं, म्हणून मॉनिटर कपाटात परत ठेवून ती निघाली. भावजी बोलत नाहीत हे तिच्या लक्षातच आलं नाही; उलट आज इथे किती शांत वाटतंय, असं तिला वाटलं होतं.

"म्हणजे शास्त्रज्ञीणबाई, तू बघितलंस आणि गेलीस," मावशी म्हणाली. रागावण्याइतकी उसंत तिच्याकडे नव्हती.

भाचीने शोध सुरू केला. हेडफोन मावशीच्या फोनला लावून पाहिले, ते ठणठणीत होते, म्हणून परत डब्याला जोडले. म्हणजे दोष डब्यात. सेटिंगमध्ये आवाज बंद झालाय का, तर नाही. मग आवाज जाण्याच्या ठिकाणांची यादी उघडली, तर तिथे एकच नाव होतं, मॉनिटरचं. मदरबोर्डवरच्या ज्या भागातून आवाज निघतो, त्याचं नावच यादीतून गायब होतं. तिने त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्राम, नव्याने टाकून पाहिला. असं कुठलं उपकरण इथे नाहीच, म्हणून तो हात झटकून मोकळा झाला. मधल्या वेळात मावशीने दोनदा चहा केला आणि दोन्ही कप गार झाले.

शेवटी भाची खुर्चीत मागे टेकली आणि तिने स्वतःलाच मोठ्याने विचारलं की काल आणि आज यांत बदललं काय. फर्मवेअर, आणि फक्त फर्मवेअर. मग वरवर ड्रायव्हर बदलत बसणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. विंडोज उठायच्या आधीच कुणीतरी त्या भागाचं दार लावून घेतलं असणार.

तिने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि डिलीटचं बटण दाबत राहिली. फर्मवेअरच्या सेटिंगचा पडदा आला. ही एकच जागा अशी की जिथे भावजी ठणठणीत असतानाही पोचत नाहीत. ते जागे होतात ते विंडोजबरोबर. मावशीने इथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिने भाचीला सगळं मोठ्याने वाचायला सांगितलं. भाची एकेक ओळ वाचू लागली, तशी मावशीची चुळबुळ सुरू झाली. एवढ्या वेळात भावजींचं अख्खं वर्तमानपत्र वाचून झालं असतं, असं तिने ऐकवलं. भाची घाईघाईने वाचू लागली, अडखळली, आणि एका ओळीपाशी थांबली.

"सापडलं. ऑनबोर्ड ऑडिओ, बंद."

घोडं पेंड खात होतं ते इथे. नव्या फर्मवेअरने जुनी सगळी सेटिंग पुसून स्वतःची लावली होती, आणि त्यात हा भाग बंद होता. भाचीने तो चालू केला, बदल जतन केले, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. दोघी कान देऊन बसल्या.

आवाज आला नाही.

मावशीने टेबलावरचा फोन उचलला. पर्यवेक्षक बाईंना वेळेआधी कळवलेलं बरं, ऐन चाचणीत मुक्यासारखं बसण्यापेक्षा, असं ती हळू आवाजात म्हणाली. भाचीने एकच मिनिट मागितलं आणि आवाजाच्या ठिकाणांची यादी परत उघडून मोठ्याने वाचली. आता तिथे दोन नावं होती. हरवलेला भाग परत आला होता, पण निवडीची खूण अजून मॉनिटरवरच होती. ज्या मॉनिटरला स्पीकरच नाही, त्याच्यात कॉम्प्युटर इमानदारीने आवाज ओतत होता. खूण बदलायला तिने माउस पकडला.

"थांब," मावशी म्हणाली. "खूण राहू दे. मॉनिटरची तारच काढ."

"अगं, पण मग मला काही दिसणार नाही."

"मलाही दिसत नाही. बरोबरीचा सामना होईल. मी जसा वापरणार, तसाच तपासू या."

कालच्या तपासणीत काय चुकलं होतं ते भाचीला आत्ता नीट कळलं. तिने मॉनिटरची तार उपसली, म्हणजे आवाजाला जायला एकच जागा उरली, आणि बटण दाबून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. करण्यासारखं आता काहीच नव्हतं. पंखा फिरला. डबा गुरगुरला. भाचीने उगीचच डोळे मिटून घेतले.

आणि टेबलावरच्या हेडफोनमधून भावजी बोलले. लाह्या फुटाव्यात तसे शब्द, मावशीच्या सवयीच्या भरमसाट वेगाने, तडतडत बाहेर पडले. भाचीला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि ती खुर्चीत सैल झाली. तिचा जीव भांड्यात पडला तो जणू खोलीभर ऐकू गेला.

"काय म्हणतायत?" भाचीने विचारलं.

"एकोणीस नवीन ईमेल आहेत म्हणतायत. सगळ्या जाहिराती. बोलू दे बिचाऱ्यांना."

तीनला फोन आला. भाची स्वयंपाकघरात जाऊन बसली. भिंतीपलीकडून मावशीचा ऑपरेटरचा आवाज येत होता, न घाईचा, न लाडाचा, प्रत्येक नाव नीट उच्चारणारा. एकदा कुणीतरी पलीकडून फार चिडलं असावं, कारण मावशी बराच वेळ फक्त "हो, ऐकतेय" म्हणत राहिली आणि मग कशावरून तरी हसली. भाचीने तोवर बरणीतल्या सगळ्या शेंगदाण्यांची सालं काढून टाकली होती.

दार उघडलं. मावशी भिंतीला हात लावत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"सोमवारपासून," ती म्हणाली.

भाचीने उठून तिला मिठी मारली, तेव्हा तिला जाणवलं की मावशी नखशिखांत थरथरतेय. इतका वेळ फोनवर तिने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. मग मावशी खुर्ची चाचपून बसली आणि म्हणाली की सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, घरात जे असेल ते वाढ. भाचीने कालचा भात गरम केला, आणि मावशीने तो एक शब्द न बोलता पातेल्यातूनच संपवला.