परका आवाज

खट्. आतून कडी लागली, आणि दुपारभर निपचित पडलेलं घर तेवढ्यानं दचकलं.

तिनं हातातली सुरी खाली ठेवली. मोठी लेक शाळेतून आली होती; दोन दिशांना दोन बूट भिरकावून, एक अक्षर न बोलता थेट खोलीत. आता ती मैत्रिणीच्या आईला फोन लावणार, हे ठरलेलं. ही मैत्रिणीची आई घरी केक करून विकायची. लेक मनातलं सगळं तिच्यापाशी ओतायची आणि घरी येऊन म्हणायची, काकू किती शांत बोलतात. एकदा तिचा केक घरी आला, तेव्हा आईनं 'जरा कोरडाच झालाय' म्हणून नाक मुरडलं आणि कुणी नाही असं बघून उरलेला तुकडा ओट्याशी उभ्यानं संपवला. छान होता. त्याचाच जास्त राग आला.

मेंदूच्या दवाखान्यात नर्स असलेल्या बहिणीनं परवाच समजूत घातली होती.

"ताई, ती रुसलेली नाही गं. या वयात मेंदूच नव्यानं जुळत असतो. लहानपणी आईचा आवाज आला की आत दिवे लागतात. आता नव्या आवाजांनी लागायला लागतात. बाहेरच्या जगात जायचंय ना तिला."

"म्हणजे तेरा वर्षं वीजबिल मी भरलं, आणि दिवे केकवालीकडे."

बहीण हसली होती. हिला हसू आलं नव्हतं.

आज मात्र आत फोनची रिंग नुसतीच वाजत राहिली. केकवालीनं उचलला नाही. मग उशीत दाबलेला हुंदका ऐकू आला. आधी तिला बरंच वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून कानशिलं तापली. ती दाराशी गेली.

"अगं, उघड दार. वर्गातल्या त्या मुलींच्या नादी लागू नकोस, हे मी कधीपासून सांगतेय."

कडी निघाली नाही. चार वर्षांची धाकटी खडू टाकून तिच्या मागे येऊन उभी राहिली.

आई नोकरीत ग्राहकांच्या तक्रारींचे फोन घ्यायची. शिव्या देत सुरुवात केलेली माणसं फोन ठेवताना तिला दुवा देत. तिथली पद्धत साधी होती: मध्ये बोलायचं नाही, चूक कुणाची ते काढायचं नाही, समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत परत सांगायचं. तिनं दाराला पाठ टेकली, खाली बसली आणि घसा हलकेच खाकरला.

"सांगा. मी ऐकतेय. घाई नाही."

 मग दाराच्या पलीकडे कुणीतरी बसल्याची चाहूल लागली.

"त्यांनी नवा ग्रुप केला. मला सोडून."

"म्हणजे त्यांनी नवा ग्रुप केला, आणि तुम्हाला घेतलं नाही."

"आणि मला ते दुसऱ्याच मुलीकडून कळलं."

"आणि कळलं तेही दुसऱ्याच मुलीकडून. खूप लागलं असेल. आणखी काही मदत करू शकते का आपल्याला?"

सवयीनं जीभ घसरली होती. तिनं ओठ चावला. पण आत रडता रडता फसकन हसू फुटलं, आणि कडी निघाली. मोठी उंबऱ्यावरच बसली. नाक पुसत बोलू लागली, आणि बोलतच राहिली. गुडघा आईच्या गुडघ्याला टेकलेला.

"तू आज काकूंसारखी बोलतेयस," ती मध्येच म्हणाली. "अशीच बोलत जा ना."

"जरूर," तिनं त्याच मऊ, सपाट आवाजात उत्तर दिलं. केकवाली निदान दुसऱ्या घरात राहत होती. ही नोकरीतली, फोनवरची बाई तर तिच्याच गळ्यात मुक्कामाला होती, आणि लेक किती विश्वासानं तिच्याशी बोलत होती.

धाकटी इतका वेळ आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिनं पुढे होऊन आईची हनुवटी आपल्याकडे वळवली.

"आई," ती म्हणाली, "तू घरी कधी येणार?"