सातवी सीट

मी शाळेची व्हॅन बोलतेय. रंग पांढरा, म्हणजे मुळात पांढरा. पुढे दोन सीट, मागे सात. जरा भरभर बोलते मी, सांभाळून घ्या. येत्या शनिवारी भंगारवाला मला न्यायला येतोय आणि माझं सांगायचं बरंच राहिलंय.

मी मूळची शहरातली हं. एका मोठ्या हॉटेलचे पाहुणे विमानतळावरून आणायचे, एवढंच काम. काचा काळ्या, एसी फुल्ल, सीटवर रोज सुगंधी स्प्रे. पाहुणे बसायचे, फोनवर बोलायचे, उतरून जायचे. चार वर्षं लोक माझ्यात बसले आणि आज एकाचंही तोंड आठवत नाही बघा. मग हॉटेलला माझ्यापेक्षा लांबलचक गाडी हवी झाली आणि मला एका शाळा मंडळाला विकून टाकलं.

मला रडूच आलं. चार तास नुसता डोंगराचा रस्ता, ना सिग्नल, ना गर्दी, ना कुणी ओव्हरटेक करायला. म्हटलं, संपलं आपलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लांबच्या वस्तीवरची सात पोरं आत घुसली. दप्तरं, चिखल, कुणाचा तरी सुटलेला बूट, आणि बोलणं तर काय, एकाच वेळी सातही जण. एकाने तर माझ्या सीटला विचारलं, "तुझं नाव काय गं?" खरं सांगते, त्या दिवसापासून मी त्यांचीच झाले.

मंडळ छोटंसं. त्याच्या ताब्यात दोन शाळा. खाली बाजारपेठेजवळची, ती खालची शाळा. आणि आमची वरची. दोन खोल्या, दोन शिक्षक, एकतीस मुलं. हेडबाई स्वतः तिसरी-चौथी शिकवायच्या, पहिली-दुसरी सरांकडे. मला चालवायचा तो मामा. सगळी पोरं त्याला मामाच म्हणायची. तोच शिपाई, तोच नळ दुरुस्त करणारा, छपरावर अडकलेला बॉल काढणाराही तोच.

हेडबाई गणितात एकदम पक्क्या. मी शाळेत पोचले की माझ्या काचेला नाक लावून किलोमीटरचा आकडा बघायच्या आणि तोच फळ्यावर लिहायच्या. "चला, हिला सातने भागा." माझ्या आयुष्याचा रोज सकाळी भागाकार व्हायचा. आणि पोरं करायची की हो, तोंडी करायची.

आता मंडळाचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. माझ्यातच घडलं.

मंडळाची भाड्याची एक खोली होती. वरून येणारं अनुदान घटलं तेव्हा पहिली ती सोडली. वर्गात मीटिंग घ्यायची तर बाकं पोरांच्या मापाची, एकदा चेअरमन त्यात असे अडकले की मामाला बाक उलटं करावं लागलं. मग ठरलं, मीटिंग व्हॅनमध्ये. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, पोरांना सोडून आलं की, संध्याकाळी पाच वाजता. मेंबर पाच, हेडबाई सहाव्या, सातवी सीट जनतेसाठी. मीटिंग सगळ्यांना खुली पाहिजे असा नियम, म्हणून माझं सरकतं दार थंडीतही उघडं ठेवायचे. जनता कधीच आली नाही. वारा यायचा.

चेअरमन म्हणजे बेकरीवाले. मग पोस्टातून रिटायर झालेले पोस्टमनकाका, दवाखान्यातल्या नर्सबाई, एक वेल्डर आणि एक म्हातारे सुतार, जे दर मीटिंगला झोपायचे आणि मताच्या वेळी बरोब्बर जागे व्हायचे.

माणसं चांगली होती हो. एक छदाम न घेता यायची. वेल्डरने तर एक ठराव आणून पास करून घेतला होता, की व्हॅन कुठेही जावो, रिकामी सीट न्यायची नाही. डिझेलचे पैसे माणशी मिळायचे ना, रिकाम्या सीटचे कोण देणार. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती.

तर त्या गुरुवारी विषय दोन. एक, माझा क्लच. दोन, वरच्या ऑफिसचं पटमोजणीचं पत्रक. ही पटमोजणी म्हणजे वर्षातून एकदा माणूस येऊन मुलं मोजतो. पंचवीसच्या खाली आली की शाळा बंद.

क्लचवर सव्वा तास भांडण.

"बदलायलाच लागेल, चढावर दम खातेय," मामा दारात उभा राहून म्हणाला.

"गेल्या वर्षी ब्रेक, यंदा क्लच. हिचे लाड किती करायचे?" चेअरमन वैतागले.

"तुमच्या भट्टीला दर वर्षी नवी जाळी लागते, तेव्हा कोण बोलतं?" नर्सबाई.

"भट्टी पाव देते, बाई."

"मग ही पोरं आणते की. पावापेक्षा बरी."

मी इतकी फुगले होते ना. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी भांडत होतं. शेवटी क्लच पुढच्या वर्षावर गेला. तोवर सगळे दमले होते, गारठले होते. पोस्टमनकाकांनी पत्रक वर धरलं.

"चार पानं आहेत. वाचू?"

"दर वर्षीचंच ना?"

"वरून तरी तसंच दिसतंय."

"मग मंजूर. चला, माझी कणीक फुगून बाहेर आली असेल."

पाच हात वर. दोन मिनिटं लागली नाहीत. पत्रक माझ्या मागच्या सीटवरच राहिलं, तिसरं पान वर करून. मला वाचता येत असतं तर हॉर्न वाजवून गाव गोळा केलं असतं.

कारण बदल तिसऱ्या पानावर होता. आतापर्यंत मुलं मोजायला पोस्टमनकाकाच यायचे. वर्गातली मोजायचे, आणि कुणी स्पर्धेला, खेळायला शाळेतर्फे बाहेर गेलं असेल तर हेडबाईंना विचारून त्यालाही हजर धरायचे. त्यात लबाडी काहीच नव्हती. यंदा मात्र बाहेरचा माणूस येणार होता आणि वर्गात बसलेलं डोकं तेवढंच धरणार होता.

मोजणी मंगळवारी. आणि त्याच मंगळवारी मोठ्या गावात गणिताची स्पर्धा.

"जाऊ द्या पोरांना," चेअरमन म्हणाले होते. "बक्षीस आणलं की शाळेला हात लावायची कुणाची छाती आहे?" सगळ्यांना मनापासून वाटत होतं, पोरं हुशार निघाली की शाळा वाचते. मलाही वाटत होतं.

मंगळवारी सकाळी हेडबाई मामाच्या शेजारी बसल्या, मागे टीमची सहा पोरं. सातवी सीट रिकामी. बाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी अंगणात नजर फिरवली. तिथे वेल्डर गेट जोडत होता आणि त्याची मुलगी माझ्या काचेला चिकटून उभी होती. तिसरीतली. पुढचे दोन दात मोठे आणि एका जागी बसणं माहीत नाही, म्हणून सगळे तिला खारू म्हणायचे.

"दादा, एक सीट रिकामी जातेय. हिला नेऊ?"

वेल्डर हसला. "ठराव माझाच, बाई. आता माझ्याच पोरीला कसं नाही म्हणू? जा गं. बाईंना त्रास देऊ नकोस."

खारू अशी उडी मारून आत आली की माझे स्प्रिंग वाजले.

स्पर्धेत पहिली आली आमची टीम. खरंच पहिली. चाळीस शाळांत. येताना काय दंगा, काय गाणी, बक्षिसाची ढाल प्रत्येकाच्या मांडीवर दहा दहा मिनिटं, वेळ लावून. खारूलाही मिळाली. चढावर माझा क्लच जळत होता पण मी हूं की चूं केलं नाही.

अंगणात सर उभे होते. हातात कागद.

"बाई, चोवीस लिहून गेलाय तो."

"चोवीस कसे? सात माझ्याबरोबर आहेत. एकतीस."

"सांगितलं मी. पंधरा वेळा सांगितलं. म्हणाला, मला दिसतील तेवढी. तिसरं पान वाचा म्हणाला."

"कसलं तिसरं पान?"

सरांनी मान खाली घातली. मागे पोरं अजून गातच होती.

एकतीसातून सहा गेली असती तर पंचवीस उरली असती. हा हिशोब माझ्यातल्या सगळ्यात लहान पोरीलाही तोंडी येत होता. तेच तर वाईट झालं.

मंडळाने अर्ज केला. ढालीचा फोटो जोडला. उत्तर आलं ते पोस्टमनकाकांनी माझ्यात बसून वाचलं, या वेळी अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. निकाल अभिनंदनीय आहे. मात्र निकालाचा पटसंख्येशी संबंध नाही. सुतार जागेच होते. नर्सबाईंनी उठून दार लावून घेतलं, नियम मोडून.

सुट्टी लागली आणि वरची शाळा बंद झाली. गेट वेल्ड करून कायमचं बंद करायला मंडळाकडे दुसरा माणूस नव्हता. वेल्डरनेच जोडलं. पोर शेजारी उभी असताना.

मग मी पोरांना खालच्या शाळेत न्यायला लागले, पन्नास मिनिटं, दाटीवाटीने कोंबून तीन फेऱ्या. पहिली फेरी अंधारातच निघायची. पोरं झोपायची. भागाकार बंद. हेडबाईंना तिथे कपाटाच्या किल्ल्या सांभाळायचं काम मिळालं.

एकदा परत येताना बाई खारूच्या शेजारी बसल्या होत्या. खारूने हळूच विचारलं.

"बाई, मी आले नसते तर पंचवीस झाले असते ना?"

बाईंनी तिच्या दप्तराचा पट्टा सरळ केला. मग म्हणाल्या, "त्या माणसाला मोजताच येत नव्हतं गं."

"येत होतं," खारू म्हणाली. "मी करून बघितलं."

बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

त्यानंतर खारू रोज सकाळी चढली की आधी उभी राहून सगळ्यांची डोकी मोजायची. बोट हवेत फिरवत, ओठ हलवत. मग मामाला सांगायची, "आहेत सगळे," आणि मगच बसायची. एका जागी, न हलता. पूर्वीसारखी एकदाही उसळली नाही. पोरं हसायची तिला. मामा हसायचा नाही. तिने सांगितल्याशिवाय तो चावी फिरवायचा नाही.

गेल्या वर्षी क्लच गेलाच. आता कुठल्याशा कंपनीची मोठी पिवळी बस येते. मी बंद शाळेच्या मागे उभी आहे, चाकांत गवत वाढलंय, उजवा आरसा कुणीतरी काढून नेलाय. मंडळही राहिलं नाही. खालची शाळा दुसऱ्या मंडळात गेली.

शनिवारी माझे तुकडे होतील, त्याचं एवढं काही नाही. पण आमची खारू कुठे भेटली, पिवळ्या बसमध्ये बोट फिरवताना दिसली, तर तिला माझा एक निरोप द्या. सांगा, ती चार पानं न वाचता मंजूर झाली तेव्हा मी तिथे होते. पाच मोठी माणसं होती, चांगली माणसं होती, दमलेली होती. ती नव्हती. तेव्हा ती घरी जेवत होती, आठ वर्षांची होती. सांगा तिला, की आता बस. खाली बस, बाळा. मोजू नकोस.